रंगाला हात लावला नाही

हिराजी काका, माझ्या नावापुढे 'डॉक्टर' लागलं त्यात सगळ्यात मोठा वाटा तुमचा. तुम्ही गेलात त्या सकाळी मी क्लिनिकमध्ये प्लास्टरचा एक साचा भिंतीवर आपटून फोडला. कोणाचा होता ते बघितलंही नाही. दुपारी कळलं, एका निवृत्त मास्तरांच्या खालच्या जबड्याचा होता. त्यांना माप द्यायला परत बोलवावं लागलं. ते म्हणाले, डॉक्टर, पहिलं तर चांगलं आलं होतं ना? मी म्हणालो, हातातून पडलं. तुमच्याबद्दल लिहायचं तर आधी हे खोटं दुरुस्त करतो. पडलं नाही, मी फोडलं.

स्मशानात लोक सांगत होते की हिराजीने आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. एक जण म्हणाला, दात बनवणारा माणूस, हात लोण्यासारखा. मी तुमच्या डाव्या भुवईवरची खूण बघत उभा होतो. ती कशी झाली हे तिथे फक्त दोघांना माहीत होतं आणि त्यातला एक सरणावर होता.

मी किनवटकडचा. आमच्या गावच्या विहिरींच्या पाण्याने सगळ्यांचेच दात तपकिरी, खडबडीत. सगळ्यांचे तसेच असल्यामुळे गावात ते कोणाला दिसत नाहीत. दिसले ते मी मुंबईला दाताच्या कॉलेजात आल्यावर. आमच्या घरात दहावी ओलांडलेला मी पहिला. पहिल्याच महिन्यात मेसमध्ये एका मुलाने विचारलं, काय रे, तंबाखू कितव्या वर्षापासून? मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. दातांचा डॉक्टर व्हायला आलो आणि पहिलं काम केलं ते दुसऱ्याचा ओठ फाडायचं. त्यानंतर मी बोलताना तोंडावर हात धरायला लागलो. हसणं तर बंदच केलं.

तिसऱ्या वर्षी एका सिनियरने मला तुमच्या सातिवलीच्या गाळ्याचा पत्ता दिला. म्हणाला, मेणात दात घडवायचं काम शिकायचं असेल तर हिराजीकाकांकडे जाऊन बस, ते कोणाला नाही म्हणत नाहीत. एका बाजूला खिळ्यांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचं गोडाऊन, मध्ये तुमची लॅब. सगळीकडे पांढरी भुकटी. तुमच्या भुवयांवरसुद्धा. मी तोंडावर हात धरून नाव सांगितलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हात खाली घे. मी दिवसभर तोंडंच बघतो."

माझे वरचे सहा दात करायचे ठरले तेव्हा आपलं पहिलं भांडण झालं. मला टीव्हीतल्या माणसासारखे पांढरेशुभ्र दात हवे होते. तुम्ही दातांच्या रंगांची, शेडची पट्टी माझ्या ओठाशी धरलीत, मला खिडकीत उजेडाकडे फिरवलंत आणि सांगितलंत की खालचे दात कुठे लपवशील, शिवाय तुझ्या आईने दार उघडल्यावर 'कोन पायजे' असं विचारायला नको. मी म्हणालो, दात माझे आहेत. तुम्ही म्हणालात, म्हनून तर.

कॉलेजातल्या मॅडमनी माझे दात अगदी पापुद्र्याएवढे तासले. जास्त तासू नका, तासलेला दात परत येत नाही, असा निरोप तुम्ही माझ्याच हाती त्यांना पाठवला होता. मग तुम्ही रंगाचं नाव न काढता नुसते आकार करून दिलेत, तात्पुरते, खडूसारखे. तीन आठवडे मी ते लावून जेवलो. दर शनिवारी तुम्ही माझ्या दातांमध्ये निळा कागद धरायचात, चाव म्हणायचात, जबडा डावीकडे घे, उजवीकडे घे, आणि जिथे निळा डाग जास्त पडेल तिथे हळूच घासायचात. ही तुमची रीत होती. बाकीच्या लॅब आधी रंग बघायच्या. तुमच्याकडे घास नीट तुटल्याशिवाय रंगाचा डबा उघडत नसे. पदवीच्या कपड्यांत मी घरी गेलो तेव्हा आईने माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, बरं झालं, फार पांढरे नाही केले, ओळखू आलास. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. भांडणात हरलो हे कबूल करावं लागलं असतं.

पुढे मी तुळिंजला क्लिनिक टाकलं. माझी प्रत्येक कॅप तुमच्याकडून यायची. समोरचा दात असला की तुम्ही स्वतः स्कूटरवरून यायचात आणि अकराच्या उजेडात खिडकीपाशी पेशंटच्या दाताचा रंग बघायचात. रविवारी मी गोखिवऱ्याला तुमच्या घरी जेवायचो. ताराकाकी वाढायच्या. त्यांचा वरचा एक दात काळा होता. पाटीसारखा काळा. मी एकदाच विचारलं होतं, काकी, हा करून टाकूया का? त्या म्हणाल्या, भात घे. मी भात घेतला. लहानपणी पडल्या असतील असं मीच ठरवून टाकलं. दातांचा डॉक्टर मी, सात वर्षं त्या घरात जेवलो आणि एवढं बघितलं.

आता सुवर्णाबद्दल. तुळिंजच्या बाजारात साड्यांच्या दुकानात ती काउंटरवर उभी राहायची. तिचा समोरचा दात मेलेला, करडा पडलेला, आणि कडेने अर्धा तुटलेला. बाथरूममध्ये पाय घसरला म्हणाली. शेठने तिला मागे घड्या घालायला बसवलं होतं. डॉक्टर, समोर उभं राहता येईल असा करा, नाहीतर हे काम जाईल आणि मला घराबाहेर पडायला दुसरं निमित्त नाही, असं ती म्हणाली. मी रूट कॅनाल केलं, माप घेतलं, तुमच्याकडे पाठवलं.

तासाभराने तुमचा फोन आला. साचा हातात घेऊनच तुम्ही बोलत होतात. हा दात पडून तुटलेला नाही, म्हणालात. उजवीकडून आत ढकलला गेलाय, शेजारचाही किंचित वळलाय, ही उलट्या हाताची चापट आहे. मी विचारलं, प्लास्टरवरून एवढं कळतं? तुम्ही विषय बदललात. म्हणालात, कॅप रेझिनची करू, आत धातूची खुंटी नको.

मला ते पटेना. रेझिन चहाने पिवळं पडतं, दोन-तीन वर्षांत झिजतं. तिला काउंटरवर उभं राहायचंय. मी झिरकोनिया मागत होतो, आत मजबूत खुंटी, आयुष्यभर न फुटणारी कॅप. संध्याकाळी मी गाळ्यावर आलो आणि तुम्ही तुमच्या बाकावरून जे बोललात ते शब्द मी विसरू शकत नाही.

"तो परत मारनार. तेव्हा कॅप फुटली पायजे. कॅप दुसरी होते, मूळ दुसरं होत नाय. तू एवढं टनक बसवलंस तर मार सगळा मुळाला जाईल."

मी ओरडलो. म्हणालो, तुम्ही तिच्या तोंडासाठी दात करताय की तिच्या नवऱ्याच्या हातासाठी? पुढची चापट धरून चालणारा दात मी बसवणार नाही. तुम्ही म्हणालात, त्याचा हात तुझ्या ताब्यात नाय, माझ्याही नाय, दात आहे. मी म्हणालो, डॉक्टर मी आहे. हे वाक्य मी तुमच्यासमोर त्याआधी कधी वापरलं नव्हतं. तुम्ही मान हलवलीत आणि चार दिवसांनी झिरकोनियाची कॅप पाठवलीत. इतका सुंदर दात तुम्ही क्वचितच केला असेल. कडेला दुधाळ, मध्ये थोडा पिवळसर, शेजारच्या दातावरची बारीक रेघसुद्धा त्यात उतरवलेली. सुवर्णा आरशात बघून आधी रडली, मग हसली, मग परत काउंटरवर गेली.

सात आठवडे टिकला. मग एका सकाळी ती ओढणीत तोंड धरून आली. कॅपला ओरखडा नव्हता. खाली मूळ उभं चिरलं होतं, लाकडाच्या ढलपीसारखं. तुम्ही सांगितलं होतं तसंच. मला ते मूळ तुकड्या-तुकड्यांनी काढावं लागलं. हिरडीतून रक्त येत होतं आणि तीच मला म्हणत होती, डॉक्टर, करा तुम्ही, मला काही होत नाही. तुम्ही तिला दुसऱ्यांदा बघायला आलात तेव्हा 'मी सांगितलं होतं' असं एका शब्दाने म्हणाला नाहीत. म्हणायला हवं होतं. मला ते लागलं असतं, पण बरं वाटलं असतं.

हिरडी भरली आणि नव्या दाताचा रंग बघायला तुम्ही परत आलात. अकरा वाजले होते. सुवर्णा खुर्चीत, तुम्ही खिडकीजवळ. लाथेने दार उघडलं आणि तिचा नवरा आत आला. कोणाला दाखवायला दात करतेस, म्हणत त्याने तिला केसांनी धरून खुर्चीतून खाली ओढलं. मी मध्ये पडलो तर त्याचं कोपर माझ्या नाकावर बसलं, चष्मा फुटला. तुम्ही हातातली शेडची पट्टी आधी टेबलावर नीट ठेवलीत. मग पुढे आलात आणि त्याला उलट्या हाताने मारलंत. परत मारलंत. तो भिंतीला घासत खाली बसला, दोन्ही हात वर केले, तरी तुम्ही थांबला नाहीत. त्याच्या दाताचा तुकडा रक्ताबरोबर फरशीवर पडला. तुम्ही शिवी दिली नाहीत, काही बोललाच नाहीत. फक्त श्वास ऐकू येत होता. शेवटी सुवर्णाच म्हणाली, "काका, बास. मरेल तो."

तेव्हा थांबलात. बेसिनवर हात धुतलेत, पुसलेत आणि मला म्हणालात, "शेड ए-तीन लिही. शेजारच्यापेक्षा थोडा गडद."

मी नाकाला कापूस लावून थेट गोखिवऱ्याला गेलो. ताराकाकींना सांगायचं होतं की त्यांचा नवरा केवढा माणूस आहे. त्या ओट्यावर भाजी निवडत बसल्या होत्या. मी सगळं रंगवून सांगितलं. काका वाघासारखे पुढे आले असंसुद्धा म्हणालो. काकींचा हात थांबला.

"कसा मारला? मुठीनं, का उलट्या हातानं?"

"उलट्या हाताने."

"आवाज केला?"

"नाही."

"म्हनजे तसाच," त्या म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्यासमोर ओठ पूर्ण उचलून तो काळा दात दाखवला. उजवीकडून आत कसा ढकलला गेला ते बोटाने दाखवलं. मग परत भाजी निवडायला लागल्या.

मी तिथून सातिवलीला कसा आलो ते आठवत नाही. तुम्ही बाकावर बसला होतात, सुवर्णाचा साचा जबड्यासारख्या उघडमिट होणाऱ्या लोखंडी यंत्रात लावत होतात. मी विचारलं, काकींचा दात तुमच्या मारानेच काळा पडला? तुम्ही हो म्हणालात. लगेच. माझी इच्छा होती की तुम्ही थोडं तरी अडखळावं. पोरगी, नंदा, दीड वर्षाची होती, म्हणालात, जेवायला उशीर झाला म्हणून मारलं, प्यायलेलो होतो. त्या दिवसानंतर दारू नाही आणि हात नाही.

मला अजून काहीतरी हवं होतं. तुम्हाला वाचवायला मला काहीतरी हवं होतं. मी म्हणालो, म्हणून तुम्ही दात करायला शिकलात ना?

"नाय," तुम्ही म्हणालात. "दात मी आधीपासून करायचो. दुसऱ्या दिवशी इथं आलो आनि सहा जनांचे दात केले. चांगले झाले."

काका, तुम्ही खोटं बोलू शकला असतात. मी लगेच विश्वास ठेवला असता. मी तुमच्या बाकावरचं ते लोखंडी यंत्र साच्यासकट उचललं आणि तुमच्या तोंडावर फेकलं. तुम्ही हात वर केला नाहीत. मानही बाजूला घेतली नाहीत. भुवई फुटली, रक्त पांढऱ्या भुकटीवर ठिबकलं. मी दुसरं काहीतरी हातात घेतलं होतं, काय ते आठवत नाही. तुम्ही खिशातून रुमाल काढून डोळ्यावर धरलात आणि म्हणालात, "जा. क्लिनिकला पेशंट थांबले असतील."

खरंच थांबले होते. मी गेलो.

त्यानंतर आठ महिने मी तुम्हाला काम पाठवलं नाही. सुवर्णाचा पूल, शेजारच्या दातांवर टेकलेला तो नवा दात, मात्र तुम्ही पूर्ण करून रिक्षावाल्याच्या हाती पाठवलात. मी बसवला तेव्हा निळ्या कागदाचा डाग एकदाही जास्त पडला नाही. ती आता विरारला बहिणीकडे राहते, तिथल्या दुकानात काउंटरवर असते. चौकीत तक्रार तिने स्वतः जाऊन दिली. मला सोबत चला असंही म्हणाली नाही.

नंदाने फोन करून सांगितलं की बाबांच्या छातीत सगळी भुकटी साठलीये, श्वास पुरत नाही, हॉस्पिटलमध्ये ठेवलंय. मी बघतो म्हणालो. गेलो नाही. दोनदा रिक्षात बसलो, दोनदा उतरलो. कोणाला भेटायला जायचं हे ठरत नव्हतं. माझा हात तोंडावरून खाली घ्यायला लावणाऱ्या माणसाला, की त्या उलट्या हाताला. हात तर एकच होता. त्याच हाताने मला जेवताना पापड मोडून दिला होता.

मग ताराकाकी माझ्या क्लिनिकमध्ये आल्या, आणि मला पत्र लिहावंच लागलं. नंदाच्या हाती पाठवलं. ती सांगते, तुम्ही नळी बाजूला करून, चष्मा न लावता, कागद डोळ्यांजवळ धरून स्वतः वाचलंत.  चौथ्या दिवशी गेलात. आपल्यातलं भांडण कुठवर आलं होतं हे लोकांना कळावं म्हणून ते पत्र जसंच्या तसं इथे देतो.

काका,

साष्टांग नमस्कार.

काल काकी क्लिनिकला आल्या होत्या. एकट्याच, रिक्षाने. त्या दाताच्या वर हिरडी सुजून गाठ आली होती, पू झाला होता. इतकी वर्षं तो मेलेला दात गप्प होता, आता उठला. त्यांनी तुम्हाला सांगितलं नसणार, म्हणून मी सांगतो.

मी मागच्या बाजूने बारीक भोक पाडून आतला सगळा घाण भाग काढला. दात मुळाशी घट्ट आहे. काढावा लागणार नाही. पुढून कुठे तासलं नाही. तुमचं ऐकलं.

काम झाल्यावर मी त्यांना सांगितलं की आता आत रस्ता झालाच आहे तर आतून औषध ठेवून दोन-तीन वेळात रंग उतरवता येईल. दुखणार नाही, कॅपही लागणार नाही, शेजारच्या दातासारखा होईल. त्या म्हणाल्या, नको. मी परत विचारलं. तेव्हा म्हणाल्या, "तो त्यांना रोज समोर दिसतो. दिसू दे." म्हणून मी रंगाला हात लावला नाही. मागचं भोक बंद केलं आणि कागद धरून चाव बघितला. बरोबर आहे.

तुम्हाला यंत्र फेकून मारलं त्याबद्दल मी माफी मागतो. तुम्ही हात वर केला नाहीत तेव्हा मला अजून मारावंसं वाटत होतं, हेही लिहून ठेवतो. कारण मला वाटत होतं की मी तसा नाही.

सुवर्णाच्या दातात चूक माझी होती. मूळ माझ्यामुळे गेलं. तुम्ही ते एकदा तोंडाने म्हणा, मला ऐकायचंय.

माझ्या घराण्यात कोणी डॉक्टर होईल असं कोणाला वाटलं नव्हतं. माझ्या हातात जेवढं काम आहे ते तुमचं आहे, आणि तुमचे उपकार मी नाकारत नाही. काकींनी तुम्हाला माफ करायचं की नाही, त्याचं मी काही बोलत नाही. तो विषय तुमच्या घरातला आहे आणि मी त्या घरात फक्त जेवलोय.

निघताना मी काकींना विचारलं, काकांना काही सांगू का? त्या चप्पल घालत होत्या. दोन्ही घालून झाल्या. मग म्हणाल्या, "सांग, सुका बोंबील तोडता येतो आता."

निरोप एवढाच आहे.

तुमचा,
दिगंबर